जितकं काढाल तितकं ओता

जिन्याखालच्या अंधारात पाणी तापवायचा बंब अजून आहे. त्याच्या पोटात जुनी वर्तमानपत्रं, सोलरवाल्याने मागे टाकलेला पाइपचा तुकडा आणि कान तुटलेली एक कढई कोंबून ठेवली आहे. तांब्याचा रंग ओळखू येत नाही, हिरवट-काळी पुटं चढली आहेत. काही रविवारांपूर्वी त्याच्यावरून हात फिरवला तर बोटांना वास लागला, आणि तो इतक्या वर्षांनीही पऱ्हाट्यांच्या धुराचाच होता. कपाशी वेचून झाल्यावर उपटलेल्या वाळक्या झाडांचा, किंचित गोडसर, घशात बसणारा धूर. क्षणभर फार बरं वाटलं. मग आठवलं, की मी इथे आठवणी काढायला नाही, नानांना रागवायला आले आहे.

नाना म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. मी जळगावला, धाकटा भाऊ विलास धुळ्याला आणि नाना मधे एरंडोलला, एकटे. चार वर्षांपूर्वी माय गेली तेव्हापासून दोघांनीही त्यांना आपल्याकडे नेण्याचा प्रयत्न करून पाहिला. त्यांचं एकच, "मी आठेच बरा शे." बरे असते तर कोण कशाला बोलतं? पण शेजारच्या सुमनअक्का, ज्या त्यांना दोन वेळची भाकरी देतात आणि आम्हाला बातम्या, त्यांचा फोन आला, "ताई, नाना आजबी गच्चीवर गयात. भरेल बादली लीसन. मी हाका मारस, पन आयकतस कोठे?"

भरलेली बादली घेऊन गच्चीवर. जिना लोखंडी, बाहेरून लावलेला, एकोणीस पायऱ्यांचा, आणि एका बाजूला कठडाच नाही. ब्याऐंशी वर्षांचा माणूस रोज सकाळी आंघोळ करतो, मग गार पाण्याची बादली भरतो, ती एकेक पायरी टेकवत वर नेतो आणि गच्चीवरच्या टाकीत ओतून येतो. जी टाकी मोटरीने आपोआप भरते. जी बहुधा आधीच भरलेली असते. का? तर सोलरचं एक बादली ऊन पाणी घेतलं म्हणून. जितकं काढलं तितकं परत घालायचं.

विलास फोनवर म्हणाला, "ताई, आता बस. या रविवारी तू जा आणि त्यांना शेवटचं सांग. यापुढे एकदा जरी वर गेले तर मी गाडी घेऊन येतो आणि उचलून धुळ्याला आणतो." मला राग आला तो विलासचा नाही. त्याचं चुकत नव्हतं, याचाच आला.

या घरातल्या आंघोळीच्या पाण्यावर आम्ही भावाबहिणीने जितकं डोकं चालवलं तितकं स्वतःच्या मुलांच्या शिक्षणावर चालवलं नसेल. आधी विजेचा रॉड झाला. स्वस्तात मस्त. नाना तो बादलीत सोडून पेपर वाचत बसले, आणि प्लास्टिकच्या बादलीने मान टाकली. मग विलासने विजेचा गिझर बसवला. लाइट जायची ती नेमकी आंघोळीच्या वेळी, आणि बिल आलं की नाना ते चष्म्याजवळ धरून असे वाचायचे की आम्हालाच अपराधी वाटावं. मग गॅसचा गिझर. "सिलिंडर परवडतं रे, विजेच्या निम्म्यात काम," म्हणून विलासनेच आणला. न्हाणीघराला खिडकी नाही हे बसवून झाल्यावर लक्षात आलं. बंद जागेत त्या गॅसने माणसं गुदमरतात हे मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तो मी भांडून काढायला लावला. शेवटी माझी पाळी. मी सोलर आणलं. खानदेशात दुसरं काही फुकट मिळत नाही, ऊन तरी मिळतं, असं मी घरच्यांच्या ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं. आता इथल्या खाऱ्या पाण्याने नळ्यांत क्षार धरतो, दरवर्षी माणूस बोलवावा लागतो, आणि तोटी सोडली की आधी पाइपातलं एक बादली गार पाणी येतं. ते सोडून द्यायचं असतं. पण एरंडोलात ज्याने चार-चार दिवसांनी येणाऱ्या नळाला रांगेने हंडे लावले, तो पाणी सोडून देईल? नाना त्या गार पाण्यानेच अर्धी आंघोळ उरकतात. म्हणजे एवढं सगळं करून माणूस गारठतोच आहे, वर एकोणीस पायऱ्या.

बंबाच्या काळी हे काही नव्हतं. म्हणजे होतं, त्रास भरपूर होता, पण त्याच्यासाठी कोणाशी फोनवर बोलावं लागत नव्हतं.

मागच्या अंगणात सिमेंटच्या हौदाजवळ बंबाची जागा होती. दिवाळीला माय त्याला चिंच आणि मीठ लावून असा घासायची की त्यात आमची तोंडं लांबोडी दिसत. पऱ्हाट्या मामाच्या शेतातून बैलगाडीने येत, गाडी गल्लीत वळायच्या आधी त्यांचा खरखर आवाज वळत असे. भिंतीला टेकून त्यांचा ढीग लागला की आमचा हिवाळा सुरू. त्यांच्या टोकांना कुठे कुठे वेचायचा राहून गेलेला कापूस असायचा. तो जळताना फस्स करून उजळायचा. माय उजाडायच्या आत उठून बंब पेटवी. अंथरुणातून आधी काड्या मोडल्याचा आवाज, मग धुराचा वास, आणि मग पाणी तापत आलं की बंबाची ती बारीक गुणगुण. ती गुणगुण सुरू झाली की उठायचं, असा आमचा गजर होता. खाली निखारे पडले की माय त्यात भरिताचं एक वांगं सरकवून ठेवी. त्याची साल करपल्याचा वास आणि लाइफबॉय साबणाचा वास, दोन्ही मिळून माझ्या डोक्यात आजही थंडी म्हणजे हेच. दुपारी शाळेच्या डब्यात तेच भरीत आणि कळण्याची भाकरी.

आंघोळीचा क्रम ठरलेला. पहिले नाना, कारण त्यांची पहाटेची गाडी. मग मी, मग विलास, शेवटी माय. आणि नियम एकच, नानांनी घालून दिलेला. बंबातून जितकं ऊन पाणी घेतलं, तितकं गार पाणी हौदातून काढून बंबात ओतायचं आणि मगच आत जायचं. हा नियम त्यांनी डेपोतून आणला होता. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात देताना रेडिएटरमध्ये पाणी भरून द्यायचं, ही त्यांच्या वेळची पद्धत. "आपली ड्यूटी संपनी म्हनजे गाडी संपनी नही," असं ते सांगत. आत आंघोळीला बसलेल्याला बाहेरून हमखास विचारणा व्हायची, "पानी वतं का?" ओतलं का, म्हणजे. आतून उत्तर यायला हवं, "वतं."

मी कितीतरी वेळा न ओतताच "वतं" म्हटलं आहे.

पौषातल्या सकाळी हौदात हात घातला की बोटं मोडून पडतील असं वाटायचं. आणि बादली भरून छातीपर्यंत उचलायची, बंबाचं झाकण काढायचं, ओतताना हमखास पायावर सांडायचं. मी दहावीत होते, शहाणी होते, आणि आपण एकटीने नाही ओतलं तर काय बिघडतं, असा सगळ्या शहाण्यांसारखा विचार करत होते. तसंही काही बिघडत नव्हतं. माय मागून येऊन ओतत असणार. मी बघितलं नाही.

एका सकाळी मला न्हायचं होतं. केस तेव्हा कमरेपर्यंत. नाना अंधारातच शिरपूरच्या गाडीवर निघून गेले होते. मी झाकण काढून पाहिलं, बंब काठोकाठ. दोन बादल्या ऊन पाणी घेतलं, मनसोक्त न्हाले. मायने बाहेरून विचारलं, "पानी वतं का?" मी म्हटलं, "वतं." मग तिने उरलंसुरलं काढून विलासला घातलं, आणि स्वतःसाठी पाणी तापावं म्हणून आणखी दोन मुठी पऱ्हाट्या सारल्या. मी शाळेच्या घाईत केस पुसत होते तेव्हा तापलेल्या धातूचा वास आला. मायने तोटी सोडली, थेंब नाही. तिने घाईने हौदातली बादली वरून ओतली आणि ते सगळं पाणी कोरडं तापून सुटलेल्या जोडातून खाली विस्तवात गेलं. राख आणि वाफ अंगणभर. पांढरी झालेली माय मधे उभी. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू शायामा जाय. उशीर व्हई राह्यना."

संध्याकाळी नाना आले. बंबाशी वाकून बराच वेळ जोडावरून बोट फिरवत राहिले. माय म्हणाली, "मनाघाई व्हयनं. माले ध्यान नही ऱ्हायनं." माझ्याकडून झालं, लक्ष नाही राहिलं. मी आत पुस्तक उघडून बसले होते. पान उलटलं नाही, पण उठलेही नाही.

तो हिवाळा घासलेटवर निघाला. तांबटाकडे बंब पडून राहिला, तो म्हणे आज देतो, उद्या देतो. रेशनच्या दुकानापुढे मी कॅन घेऊन उभी राहायचे. रांगेत माणसांपेक्षा कॅनच जास्त, एकेका कॅनवर दगड ठेवून बायका घरी जाऊन यायच्या. मिळायचं ते जेमतेम. पितळी स्टोव्हला पिन मारायची, पंप मारायचा, तो आधी भडकायचा, मग घरभर काजळी, मग कुठे निळी ज्योत धरायची. एका पातेल्याला इतका वेळ लागायचा आणि इतकं तेल जायचं की रोज दोन पातेली, त्याच्या वर नाही, असं ठरलं. एक नानांना, एक आम्हा दोघांत. हाताला, वहीला, डब्यातल्या भाकरीला घासलेटचा वास. आणि माय? माय सगळ्यांचं झालं की हौदातली बादली घेऊन आत जायची. नाना म्हणायचे, थोडं तापव. ती म्हणायची, "माले गारच मानवस."

हे आम्ही खरं मानलं. पुढे बंब झाळून परत आला, त्याच्यानंतर गॅस आला, तरी मायचं गार ते गारच. नवं न्हाणीघर बांधलं तेव्हा विलासने मला विचारलंही होतं, मायसाठी वेगळा ऊन पाण्याचा नळ काढायचा का. मीच म्हटलं, कशाला? तिला गारच लागतं.

तर त्या रविवारी मी हे सगळं बाजूला ठेवून नानांना रागवायला बसले. ते बाहेर खाटेवर उन्हात बसले होते. पायाशी ती बादली, पालथी घातलेली. मी म्हटलं, "नाना, वरची टाकी मोटरीने भरते. तुम्ही ओतलं काय न ओतलं काय, काही फरक पडत नाही. कळतं ना तुम्हाला?"

"कयस ना. माले काय याड लागनं का?"

"मग कशासाठी चढता?"

"सवय शे."

"पडलात म्हणजे सवय मोडेल आणि हाडही मोडेल. विलास तुम्हाला न्यायला येणार आहे. एकदा जरी वर गेलात तर. मी थांबवणार नाही त्याला."

नानांनी पाय खाटेवर ओढून घेतले. मला वाटलं, जिंकले. मग ते बादलीकडे बघत बोलायला लागले, आणि जे बोलले ते त्यांच्याच भाषेत सांगते, कारण माझ्या भाषेत ते मला बोलवत नाही.

"त्या दिन मनी शिरपूरनी गाडी व्हती. पहिली. घाईमा व्हतू. बंबमा पानी वतं का नही, माले याद नही. दिनभर गाडी चालाडी, पन ध्यान बंबमाच. संध्याकाये घर उनू तं बंब फुटेल. तुनी माय म्हने, मनाघाई व्हयनं. ती कव्हय ध्यान नही ठेवनारी बाई व्हती का? मी कोरडा करा, आन् तिनी दोष सोतावर लिधा. मंग ती म्हने, माले गारच मानवस. मरेपावत तेच म्हनत ऱ्हायनी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनले गार मानवस, बाई, पौषमा?"

मघाचा राग जिथल्या तिथे होता, फक्त त्याचं तोंड फिरलं होतं. चाळीस वर्षं हा माणूस एकच सकाळ आठवत बसला होता, अंधारात बंबाजवळ उभं राहून आपण बादली उचलली होती की नव्हती. आणि आम्ही त्याला विजेचं बिल, गॅसचं बिल आणि सोलरची सबसिडी समजावून सांगत होतो. ज्याला खरं माहीत होतं असं माणूस जगात आता एकच उरलं होतं, आणि ते त्याला हाडांची भीती घालत होतं.

"नाना," मी म्हटलं, "तुम्ही ओतलं होतं."

"तुले काय माहीत?"

"तुमच्यानंतर मीच गेले होते. न्हायचं होतं मला. झाकण काढून पाहिलं, बंब काठोकाठ होता. दोन बादल्या मी काढल्या आणि ओतलं नाही. मायने विचारलं तेव्हा खोटंच ओतलं म्हणाले. तिला सगळं माहीत होतं. तिने माझ्यासाठी सांगितलं तसं, तुमच्यासाठी नाही."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला नाही. मला वाटलं, आता रागावतील. मला तर ते हवंच होतं, दहावीपासून.

"काठोकाठ?" त्यांनी विचारलं.

"काठोकाठ."

"झाकन काढीसन दखं व्हतं ना तू?"

"हो, नाना."

"म्हनजे मी वतं व्हतं," ते म्हणाले. मला नाही, अंगणाला. मग पुन्हा एकदा, हळू, "वतं व्हतं मी." हौद आता नाही, त्या जागी विलासची मोटर बसवलेली आहे. ते तिकडे बघत राहिले. आत सुमनअक्कांनी आणून ठेवलेल्या भरिताचा वास येत होता, गॅसवर भाजलेल्या, त्यामुळे तितका नाही. मग त्यांनी पालथी बादली सुलटी केली आणि पायाने माझ्याकडे सरकवली.

"मंग आते वत."

मला वाटलं थट्टा आहे. नव्हती. मी पंचावन्न वर्षांची, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलेली. तळाच्या नळाला बादली लावली. पौषच होता, पाणी तसंच झोंबलं. एकोणीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर बादली टेकवत, मनात सोलरवाल्याला, विलासला, त्या तांबटाला आणि दहावीतल्या त्या लांब केसांच्या पोरीला शिव्या देत वर गेले. टाकीचं झाकण काढलं. टाकी भरलेली होतीच. मी बादली आत रिकामी केली आणि तितकंच पाणी दुसऱ्या बाजूच्या नळीतून बाहेर पडून गच्चीवर वाहत गेलं. एक बादली चांगलं पाणी वाया. थेंबावरून बोलणारे नाना रोज हे बघत होते, तरी ओतत होते.

विलासला मी फोन करून सांगितलं, नाना इथेच राहतील. तो म्हणाला, "आणि बादली?" मी म्हटलं, ती आता ते वर नेणार नाहीत. त्याला पटलं नाही, पण सुमनअक्कांचे फोन खरोखरच थांबले आहेत. नाना आंघोळ करतात, बादली पालथी घालतात, उन्हात बसतात. बंब मात्र विलासने मोडीत द्यायचा म्हटलं तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात, आणि आता मीही तसंच करते.

एवढंच, की दर रविवारी मी आले आणि तिथे आंघोळ केली की ती बादली दारात भरून ठेवलेली असते. किती वेळा सांगितलं, नाना, गुडघे दुखतात, आणि वर ओतून काही उपयोग नाही. ते पेपर वाचत असतात. मी चिडत, धापा टाकत वर जाते, भरलेल्या टाकीत ओतते आणि क्षणभर तिथेच उभी राहते. खालून हाक येतेच.

"पानी वतं का?"

"वतं, नाना."

"मंग ये खाले. चहा गार व्हई राह्यना."